केशवराव भोसले नाट्यगृह पुन्हा उभं राहील, पण ते चालवणार कोण?

खासबागकर (धागालेखक)

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी गायकनट संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. आग बघायला जमलेल्या गर्दीत नाटकवाले होते, तालमीतले पैलवान होते, खाऊगल्लीतले गाडीवाले होते आणि कधी नाटकाला न गेलेली माणसंही रडत होती. पुढे सरकारने निधी जाहीर केला आणि वास्तू होती तशीच उभारायची यावर शहराचं एकमत झालं. त्यामुळे या धाग्यात आगीचं कारण किंवा बांधकामाचा वेग यावर मला बोलायचं नाही. दरवाजे उघडल्यानंतर तिथे रोज काय होणार आणि ते ठरवायची जबाबदारी कोणाची, यावर बोलायचंय.

थोडी पार्श्वभूमी, बाहेरगावच्या सदस्यांसाठी. शाहू महाराजांनी १९१३ मध्ये पाया घातला आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर सुरू झालं. केशवरावांचं नाव त्याला नंतर मिळालं. पाठीला पाठ लावून खासबागचं कुस्ती मैदान आहे. भिंतीच्या अलीकडे गाणं, पलीकडे कुस्ती, अशी ही मुळातली आखणी. १८८३ चा देवल क्लब जवळच. भवानी मंडप, अंबाबाईचं देऊळ, चप्पल लाईन, महाद्वार रोड, गुजरी हे सगळं तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. महाराजांनी करमणुकीची जागा बाजाराला लागून बांधली, ती काही जागा कमी होती म्हणून नव्हे. नाटकाला आलेला माणूस बाजारात फिरेल आणि बाजारात आलेला नाटकाला थांबेल, हे त्यांना दिसत होतं असं मी मानतो.

आज पेठेची स्थिती काय आहे? मोठी खरेदी राजारामपुरी, ताराबाई पार्क आणि मॉलकडे गेली. पडद्याची जुनी थिएटरं एकेक करत बंद पडली. अंबाबाईला गर्दी वर्षभर असते, पण ती मुक्काम करत नाही. सकाळी रांग, मग मिसळ नाहीतर तांबडा-पांढरा, चपलेचा एखादा जोड, आणि दुपारी गाडी जोतिबाकडे किंवा गणपतीपुळ्याकडे. एक रात्र थांबला तर तोच माणूस लॉजला पैसे देतो, रात्री जेवतो, सकाळी नाष्टा करतो आणि दुसऱ्या दिवशी निवांत खरेदी करतो. थांबायला त्याला कारण लागतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही (फिरतं खंडपीठ) इथे सुरू झालंय. सहा जिल्ह्यांतले वकील आणि पक्षकार भाऊसिंगजी रोडला येतात. त्यातले मुक्कामी असणारे संध्याकाळी सहानंतर काय करतात?

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडे पालिकेचं नाट्यगृह म्हणजे भाड्याने द्यायचा हॉल. अर्ज करा, डिपॉझिट भरा, प्रयोग करा, चावी परत द्या. पुढच्या महिन्यात किती रात्री दिवे लागणार, कुठली रात्र रिकामी जातेय, ती भरायला कोणाला फोन करायचा, हे कोणाच्याच कामात बसत नाही. केशवरावसाठी असा माणूस फीत कापायच्या आधी नेमला गेला पाहिजे. अनुभवी सदस्यांनी सविस्तर लिहावं.

---

दौऱ्यावर

मी नाट्यव्यवस्थापक आहे. संस्थेचं नाव राहू दे.

मुंबईचं नाटक एकट्या कोल्हापूरसाठी कधीच निघत नाही. दौरा लावावा लागतो. कोल्हापूर, सांगलीचं भावे, मिरजेचं बालगंधर्व, इचलकरंजीचं घोरपडे, जमलं तर बेळगाव, नाहीतर घाट उतरून रत्नागिरी. नेपथ्याचा टेम्पो, कलाकारांची बस, लॉज, सगळ्यांची नाईट (प्रयोगाचं मानधन) हा खर्च चार-पाच प्रयोगांवर पसरला तरच हिशेब बसतो. या रांगेतलं सगळ्यात भरवशाचं बुकिंग कोल्हापूरचं. ते गळालं की सांगली-मिरजेचे प्रयोगही अवघड होतात. म्हणजे केशवराव बंद असल्याचा फटका फक्त तुमच्या शहराला बसलेला नाही.

खासबागकर म्हणतात तो माणूस नसल्याने काय होतं ते सांगतो. आम्हाला तारीख तीन महिने आधी पक्की लागते, कारण नटांच्या मालिकांचं शूटिंग त्याभोवती लावायचं असतं. एका शहरात (नाव घेत नाही) रविवार मिळाला, जाहिरात गेली, प्लॅन उघडला म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली, निम्मी तिकिटं गेली. आठ दिवस आधी कळलं की त्या रविवारी सभागृह एका सत्कार समारंभाला दिलंय. भाडं परत मिळालं. जाहिरातीचे पैसे गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे तिथला प्रेक्षक आता आगाऊ तिकीट काढत नाही, ऐनवेळी बघू म्हणतो. ऐनवेळी बघणारा प्रेक्षक म्हणजे आमच्यासाठी अंधारात उडी. त्या गावाची तारीख मग आम्हीच टाळतो, आणि नाट्यगृहाचे लोक म्हणतात की नाटकंच येत नाहीत.

भाड्यापेक्षा मला तारखेची खात्री मोलाची वाटते. पण भाड्याचंही एक गणित आहे जे ठरवणाऱ्यांना माहीत असावं. ५०० रुपयांपर्यंतच्या नाट्यतिकिटावर जीएसटी नाही. त्यामुळे तिकीट पाचशेच्या आत ठेवावं लागतं, आणि भाडं वाढलं तर ते तिकिटातून वसूल करायला जागाच उरत नाही. नाशिकचं कालिदास २०१८ मध्ये नूतनीकरण होऊन उघडलं तेव्हा भाडेवाढीवरून कलावंतांना रस्त्यावर यावं लागलं होतं. छान केलेली इमारत आणि न परवडणारा दर अशी जोडी कोल्हापुरात होऊ नये.

आणि बांधकाम चालू आहे तोवर एक गोष्ट नक्की बघा. टेम्पो रंगमंचाच्या मागच्या दाराला थेट टेकतो का? नेपथ्य गर्दीतून हातावर वाहून न्यावं लागलं तर एका दिवसात दोन प्रयोग, दोन वेगळी नाटकं, हे शक्यच होत नाही.

---

लाईनीतला

चप्पल लाईनीत आमचं दुकान हाय, तिसरी पिढी. नाटकावर माझा राग नाही, वडील केशवरावचे पक्के प्रेक्षक होते. पण वर जे लिहिलंय की नाटकानं बाजार चालंल, ते आमच्या अनुभवाला धरून नाही.

नाटक रात्री साडेनऊला. आम्ही शटर ओढतो नऊला. नाटक सुटतंय साडेबाराला, तवा पेठेत उघडं असतंय ते मेडिकल. उलट संध्याकाळी नाटकाच्या गाड्या लागल्या की आमच्या गिऱ्हाइकाला जागा मिळत नाही. २०१९ ला चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, २०२५ ला प्राडा या परदेशी कंपनीनं तशाच चपला दाखवल्याचं प्रकरण झालं, जगभर नाव झालं. गिऱ्हाईक नाव ऐकून येतंय, गाडी लावायला जागा शोधत फिरतंय आणि कंटाळून ऑनलाइन मागवतंय. त्यातलं खरं कोल्हापुरी किती असतंय ते सोडा. आधी पार्किंग, मग नाटक, असं आमच्या लाईनीतल्या सगळ्यांचं मत हाय.

---

दौऱ्यावर

@लाईनीतला, वेळेचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि तो आमच्याच हातात आहे. पुण्या-मुंबईत रविवारी दुपारी साडेचारचा प्रयोग भरतो. साडेसातला सुटतो. हजारभर माणसं नसली तरी पाच-सहाशे माणसं साडेसातला तुमच्या दारावरून जातील, पोटात भूक आणि अंगावर चांगले कपडे घालून. कोल्हापुरात साडेनऊची सवय आहे कारण पूर्वी दुकानदारच दुकान बंद करून नाटकाला यायचे. आता प्रेक्षकांत ज्येष्ठ नागरिक आणि बायका जास्त आहेत, त्यांना रात्री साडेबाराला घरी जायचं नसतं. वेळ बदलायची तर नाट्यगृहाने दुपारच्या सत्राचं भाडं काही महिने कमी ठेवून आम्हाला खेचलं पाहिजे. पुन्हा तेच, हा निर्णय घेणारं कोणीतरी हवं.

---

पहिली_विंग

मी हौशी संस्थेत काम करते. राज्य नाट्य स्पर्धेसाठी दरवर्षी नाटक बसवतो.

व्यावसायिक नाटकांचं दौऱ्यावर यांनी लिहिलं, पण केशवराव वर्षभर जिवंत ठेवायचं काम आमच्यासारखे गट करू शकतात. मुंबईचं नाटक महिन्यातून मोजक्या वेळा येणार. बाकीच्या सोमवार ते गुरुवारचं काय? ते दिवस रिकामे ठेवून कोणाचाच फायदा नाही. रिकाम्या दिवशी दुपारी दोन ते पाच तालमीला रंगमंच द्या, नाममात्र भाड्यात, दिवे न लावता, फक्त कामाच्या उजेडात. आम्ही शाळेच्या वर्गात, कोणाच्या गच्चीवर तालीम करतो आणि स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या रंगमंचावर पाय ठेवतो. नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो की नाही हे आम्हाला परीक्षकांसमोर कळतं. ज्या सभागृहाची ख्यातीच आवाजासाठी होती त्या शहरात ही वेळ यावी याचं फार वाईट वाटतं.

अजून दोन गोष्टी, मुलींच्या बाजूने. रंगपटाला लागून स्वच्छ, कडी लागणारं आणि पाणी असणारं स्वच्छतागृह. आणि प्रयोग सुटल्यावर केएमटीची (पालिकेच्या बससेवेची) एक बस, मग ती कितीही लहान असो. माझ्या गटातल्या दोन चांगल्या मुलींनी नाटक सोडलं ते घरी जायच्या प्रश्नावरून, अभिनयाच्या नव्हे.

---

ठाणेकर_प्रेक्षक

तालमीला रंगमंच देण्याच्या कल्पनेला अनुमोदन.

ठाण्यातलं उदाहरण देतो. १९७८ चं गडकरी रंगायतन ठाणे महापालिकेचं. नूतनीकरणासाठी बंद होतं, १५ ऑगस्ट २०२५ ला पुन्हा उघडलं. ते ऐन तलावपाळीवर आहे, म्हणून नाटक सुटल्यावर माणसं लगेच पांगत नाहीत, तलावाच्या कडेने रेंगाळतात, खातात, मग स्टेशनकडे जातात. बंद होतं तेव्हा कळलं की आपण नाटकाइतकेच त्या रेंगाळण्याला मुकलोय. खासबागेच्या खाऊगल्लीत तसं बसायला, फिरायला जागा आहे का? नाट्यगृहाबाहेरचा फूटपाथ, दिवे, बाकडी हाही त्याच प्रकल्पाचा भाग धरा.

---

लेखाशीर्ष

दुसऱ्या एका महापालिकेच्या लेखा विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. वरची चर्चा वाचून सांगतो की तुम्ही सगळे ज्या माणसाची वाट बघताय तो आजच्या रचनेत नेमला तरी काही करू शकणार नाही. कारण पैसा कसा फिरतो ते बघा.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कामं दिली आहेत. पाणी, गटारं, रस्ते, दिवे वगैरे. नाट्यगृह येतं कलम ६६ खाली, म्हणजे ऐच्छिक कामांत. अंदाजपत्रक तुटीत गेलं की पहिली कात्री ऐच्छिक कामाला लागते. कोल्हापूरला ही तूट जास्त जाणवते, कारण १९७२ मध्ये महापालिका झाली तेव्हापासून हद्दवाढ झालेली नाही. शेजारच्या गावांत घरं वाढली, ती माणसं शहराच्या सोयी वापरतात, पण त्यांची घरपट्टी ग्रामपंचायतीला जाते. त्यात २०२० नंतर पाच वर्षं महापालिकेत नगरसेवक नव्हते, सगळा कारभार प्रशासकांकडे होता. दर ठरवायला लोकांसमोर चर्चा होण्याची जागाच नव्हती.

आता नाट्यगृहाचं भाडं. ते जमा होतं सर्वसाधारण महापालिका निधीत. व्यवस्थापकाने खटपट करून दहा तारखा जास्त भरल्या तरी त्यातला रुपयाही त्याच्या हाताशी राहत नाही. स्पॉटचा दिवा गेला तर त्याने प्रस्ताव टाकायचा, तीन दरपत्रकं घ्यायची, विद्युत विभागाचा अभिप्राय मागवायचा, मंजुरीची वाट बघायची. तोवर प्रयोग भाड्याच्या दिव्यावर. मी स्वतः अशा फायली तपासल्या आहेत. त्यात कोणी चोर नव्हता. सगळे नियमाने चालले होते आणि दिवा मात्र दोन महिने बंद होता. शिवाय हा व्यवस्थापक म्हणजे बहुतेकदा दुसऱ्या विभागातून आलेला कर्मचारी. नाटकवाल्यांची ओळख होईपर्यंत त्याची बदली होते.

म्हणून लोक म्हणतात ठेकेदाराला चालवायला द्या. मला हे पटत नाही. मिळकत दीर्घ मुदतीने द्यायची तर कलम ७९ ची प्रक्रिया आहे, ती करता येईल. पण ठेकेदार सगळ्यात जास्त भाडं देणाऱ्याला तारीख देणार. म्हणजे कंपन्यांच्या बैठका, क्लासचे सेमिनार, लग्नाचे स्वागत समारंभ. पहिली_विंग यांच्या गटाला तिथे कोण उभं करणार?

मधला रस्ता आहे, आणि तो कोल्हापूरला परका नाही. केएमटीचं अंदाजपत्रक पालिकेच्या मुख्य अंदाजपत्रकापासून वेगळं मांडतात, परिवहन उपक्रमाचा निधी वेगळा असतो. केएमटी तोट्यात आहे हे मला माहीत आहे, पण तोटा किती आणि कशात आहे हे निदान दिसतं. केशवरावसाठीही तसं वेगळं खातं करा. भाडं त्यातच जमा व्हावं, ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती व्यवस्थापकाने स्वतःच्या सहीने करावी, आणि त्याची किमान तीन वर्षं बदली होऊ नये. देखरेखीला छोटी समिती असावी, त्यात नाटकवाले, देवल क्लबसारख्या संस्था आणि पेठेतले व्यापारी असावेत. पालिकेने दरवर्षी ठरलेलं अनुदान द्यावं, आणि ते अनुदान तोटा म्हणून दाखवू नये. बागेसाठी दिलेल्या पैशाला आपण तोटा म्हणत नाही.

---

कळंबा_नाका

सगळं वाचलं. एक साधा प्रश्न. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी यायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. त्याआधी किती वर्षं आमच्या बायकांनी टँकरमागं धाव घेतली. रस्त्यांची अवस्था सगळे बघतात. अशा शहरात पालिकेनं नाटकाला दरवर्षी अनुदान का द्यायचं? नाटक बघणारे परवडणारे लोक आहेत, त्यांनी चालवावं.

---

खासबागकर

@कळंबा_नाका, प्रश्न रास्त आहे, टाळून चालणार नाही.

पाण्याशी नाटकाची तुलना झाली तर पाणीच जिंकणार आणि जिंकलंच पाहिजे. पण इमारत तर बांधली जातेच आहे, तो पैसा मंजूर झालेला आहे. बांधून झाल्यावर सुरक्षारक्षक, वीजबिल, सफाई, अग्निशमन यंत्रणेची देखभाल हा खर्च रिकाम्या इमारतीलाही लागतो. त्यामुळे आपल्याला निवड करायचीय ती रिकामी पोसायची की भरलेली. दुसरं असं की, आगीनंतर खाऊगल्लीतल्या गाड्यांवर, रिक्षा थांब्यावर, पडदे-कपडे भाड्याने देणाऱ्यांवर, रंगभूषेवाल्यांवर, मांडववाल्यांवर काय वेळ आली ते जवळून बघितलंय. ही माणसं परवडणाऱ्यांतली नाहीत.

---

तीर_ओहायो

मूळ गाव गडहिंग्लज, राहायला अमेरिकेत क्लीव्हलंडजवळ. खासबागकरांनी जे विचारलंय त्याचं एक चालतं उदाहरण माझ्या गावात आहे म्हणून लिहितोय.

क्लीव्हलंडच्या भर बाजारात १९२१-२२ मध्ये पाच थिएटरं उभी राहिली. त्यातल्या एकाचं नाव पॅलेस, आपल्या पॅलेस थिएटरपेक्षा काही वर्षांनी धाकटं. पुढे लोक उपनगरांत राहायला गेले, टीव्ही आला, आणि १९६८-६९ च्या सुमारास त्यातली चार बंद झाली. बाजारही ओस पडला. १९७२ मध्ये त्यातली दोन पाडून गाड्या लावायला मोकळी जागा करायचं घाटत होतं. रे शेपर्डसन नावाच्या एका माणसाने, जो शिक्षण मंडळात नोकरी करायचा, ती वाचवायची मोहीम उघडली.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्याने पुढे केलं. दुरुस्तीचे पैसे यायची वाट त्याने बघितली नाही. १९७३ मध्ये स्टेट थिएटरच्या नुसत्या लॉबीत खुर्च्या टाकून एक छोटा गाण्यांचा प्रयोग लावला. तो दोन वर्षांहून जास्त चालला. लोकांना त्या रस्त्यावर रात्री यायची पुन्हा सवय लागली. ती गर्दी दिसल्यावर मग सरकार आणि देणगीदार पुढे आले. १९७७ मध्ये काउंटीने, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेने, एक इमारत विकत घेतली. थिएटरं दुरुस्त होऊन एकेक करत उघडली, १९८२ मध्ये ओहायो, १९८४ मध्ये स्टेट, १९८८ मध्ये पॅलेस. चालवते मात्र एक ना-नफा संस्था, प्लेहाऊस स्क्वेअर.

आणि ही संस्था फक्त तिकिटांवर जगत नाही. थिएटरांच्या आसपासच्या ऑफिसच्या इमारती, दुकानांचे गाळे यांची मालकी किंवा व्यवस्थापन तिच्याकडे आहे. नाटकांमुळे परिसर सुधारला, गाळ्यांना भाडं चांगलं येऊ लागलं, आणि ते भाडं परत नाटकांकडे येतं. मला वाटतं शहराचा बाजार आणि नाट्यगृह यांची गाठ खरी इथे बांधली जाते. नाट्यगृहामुळे आजूबाजूला जी किंमत वाढते तिच्यातला वाटा नाट्यगृहाला मिळाला नाही तर ते कायम हात पसरत राहणार.

सगळं गोड नाही. क्लीव्हलंडच्या मध्यवर्ती भागाचे बाकीचे प्रश्न थिएटरांनी सुटलेले नाहीत, आणि तिथे मोठ्या देणगीदारांची जी परंपरा आहे ती आपल्याकडे तशी नाही. पण लॉबीत सुरुवात करणं आणि गाळ्यांचं भाडं, या दोन गोष्टींना देणगीदार लागत नाहीत.

---

लेखाशीर्ष

@तीर_ओहायो, गाळ्यांची कल्पना इथे लावता येईल. पालिकांचे बाजारपेठेत स्वतःचे दुकानगाळे असतात. बरेचसे जुन्या दराने दिलेले, भाडेवाढीच्या वादात अडकलेले. खासबाग, मिरजकर तिकटी, भवानी मंडप परिसरात पालिकेचे जे काही गाळे असतील त्यांच्या भाड्यातला ठरावीक टक्का केशवरावच्या वेगळ्या खात्यात वळवायचा ठराव महासभा करू शकते. रक्कम लहान असेल, पण दरवर्षी येईल आणि त्यासाठी मंत्रालयात जावं लागणार नाही. गाळेधारकालाही वाढीव भाडं देताना पैसा कुठे जातोय ते दिसेल.

---

लाईनीतला

हे असं असंल तर मी आमच्या असोसिएशनमध्ये विषय काढतो. भाडं वाढवताना आजवर कुणी सांगितलं नाही की त्यातनं आमच्या दारासमोर काय होणार. दुपारचा प्रयोग, सुटायच्या वेळी दुकानं साडेनऊपर्यंत उघडी, रविवारी लाईनीत गाड्या बंद आणि पार्किंग लांब पण तिथनं केएमटीची फेरी, असं एकत्र ठरलं तर आम्ही येऊ. नुसतं नाटक म्हणाल तर येणार नाही.

---

मांडवीकाठ

पणजीहून लिहितो. आमची कला अकादमी राज्य सरकारची आहे, शहराची नव्हे, तरी तिच्यावरून शिकण्यासारखं आहे.

चार्ल्स कोरिया यांची वास्तू, १९८३ पासून वापरात. मराठी नाटक, तियात्र (कोंकणी नाटक), शास्त्रीय संगीत, सगळ्यांचं ते माहेर. नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वास्तू उघडली, आणि त्यानंतर कलाकारांनी आवाज, प्रकाशव्यवस्था, गळती यांबद्दल इतक्या तक्रारी केल्या की सरकारला विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमावं लागलं. म्हणजे रंगमंच रोज वापरणाऱ्या माणसांना विचारलं गेलं, पण पैसा खर्च झाल्यानंतर. तुमच्याकडे अजून वेळ आहे. ध्वनी तपासणी उद्घाटनाच्या दिवशी नको. छत बंद झालं की लगेच करा, भरल्या सभागृहात, बिनमाईकच्या गायकाला उभं करून. संगीत नाटकाची वास्तू आहे, तिची परीक्षा तशीच झाली पाहिजे.

दुसरं, बाजाराबद्दल. आमच्याकडे २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो, २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव होतो. त्या दिवसांत पणजी फुलते, हॉटेलं भरतात. पण महोत्सव उठला की त्याच इमारती पुन्हा शांत. जानेवारी ते मे फोंताइन्यास या जुन्या वस्तीतल्या छोट्या खानावळीला महोत्सवाचा उपयोग नसतो, तिला दर शुक्रवारी येणारी शंभर माणसं हवी असतात. कोल्हापुरात 'केशवराव महोत्सव' करा असा प्रस्ताव नक्की येईल. त्याला विरोध नको, पण दर आठवड्याची ठरलेली एक संध्याकाळ आधी मागा.

---

पहिली_विंग

मांडवीकाठ यांच्या ठरलेल्या संध्याकाळच्या मुद्द्यावरून सुचलं. क्लीव्हलंडच्या लॉबीसारखं आपण आत्ताच सुरू करू शकतो. नाट्यगृह बांधून होईपर्यंत दर शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेसात, भवानी मंडपात किंवा देवल क्लबमध्ये, एकांकिका नाहीतर नाट्यसंगीत नाहीतर पोवाडा. आमच्या गटासह स्पर्धेत उतरणारे इतर गट आळीपाळीने करतील. दिवाबत्ती फार नको. पहिले दोन महिने आम्ही मानधन घेणार नाही. पण परवानगी एका ठिकाणाहून मिळायला हवी. पोलीस, पालिका, देवस्थान समिती अशा तीन दारांत दर आठवड्याला आम्ही फिरू शकत नाही.

---

दौऱ्यावर

शनिवारी सहाची वेळ उत्तम. सर्किट बेंचच्या वकिलांच्या लॉजवर आणि भक्तनिवासांत महिन्याचा कार्यक्रम छापून लावा. बाहेरगावच्या माणसाला 'आज काय आहे' हे रिसेप्शनवर कळलं पाहिजे.

---

खासबागकर

सगळ्यांचे आभार. धागा इथे थांबू नये म्हणून पुढचं काम वाटून घेऊ. निवेदनात वेगळं खातं, तीन वर्षं न बदलणारा पूर्णवेळ व्यवस्थापक, तीन महिने आधी पक्क्या होणाऱ्या तारखा आणि त्या शासकीय कार्यक्रमासाठीही न मोडण्याचा नियम, दुपारच्या सत्राला सवलत, तालमीला रंगमंच, गाळ्यांच्या भाड्यातला वाटा आणि भरल्या सभागृहातली ध्वनी तपासणी एवढं असेल. शनिवारच्या कार्यक्रमाची एक खिडकी परवानगी वेगळी मागू. लाईनीतला दादा व्यापाऱ्यांच्या सह्या बघतील. मी कुस्तीच्या तालमींशी बोलतो. खासबाग मैदान वर्षातले बरेच दिवस मोकळं असतं, कुस्ती आणि नाटक एकाच व्यवस्थापनाखाली आणता येईल का याबद्दल वस्तादांचं मत घेतल्याशिवाय निवेदनात काही लिहायला नको.

एक अडचण आहे. आगीआधी वर्षातून किती सत्रं भरायची आणि ती कोण घ्यायचं, याचे आकडे आपल्याकडे नाहीत. त्याशिवाय निवेदन पोकळ वाटेल. @लेखाशीर्ष काका, बुकिंगचं रजिस्टर आगीत गेलं असेल तर काय करायचं?

---

लेखाशीर्ष

रजिस्टर गेलं असलं तरी भाड्याची आणि डिपॉझिटची प्रत्येक पावती लेखा विभागात नोंदलेली असते, ती मुख्य इमारतीत. माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. आगीआधीच्या तीन वर्षांच्या भाडेपावत्यांची यादी मागा. त्यात तारीख, सत्र, भाडं घेणाऱ्याचा प्रकार, सवलत दिली असल्यास किती, आणि रद्द झालेल्या तारखांचे परतावे एवढे रकाने हवेत. भाडं कमी का, तारीख का रद्द केली असं काही अर्जात विचारू नका, कारणं विचारली की अर्ज फेटाळायला जागा मिळते. करोनाचा काळ त्या तीन वर्षांत येत असेल तर त्याऐवजी २०१८-१९ चं एक वर्ष जोडून घ्या, नाहीतर आकडे फसवे दिसतील. मसुदा व्यक्तिगत निरोपात पाठवा, रविवारपर्यंत दुरुस्त करून देतो.